गिरणीतले मंगळवार

आमच्या बँडमध्ये गाणारं कुणी नव्हतं, आणि पळसदरीच्या लोकांना ही गोष्ट शेवटपर्यंत पटली नाही. भाताच्या गिरणीच्या दारात उभं राहून आतला आमचा दणदणाट दहा-पंधरा मिनिटं ऐकून झाला, की कुणीतरी हमखास विचारायचं, "मंग, गानारा कवा येनार?" हा प्रश्न इतक्यांदा आला की बँडला हेच नाव देऊ, असं आमचा ड्रमर म्हणायचा. तेही कधी दिलं नाही. बँड बिननावाचाच राहिला.

मी बेस गिटार वाजवते. जाड तारांचं, खर्जातलं वाद्य. वीसेक वर्षं मुंबईच्या स्टुडिओंमधून दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवत आले आहे. जाहिराती, मालिकांची शीर्षकगीतं, भक्तिगीतांचे अल्बम, कधीमधी एखादा सिनेमा. सेशनचं काम म्हणजे सांगितल्या वेळेला पोचायचं, समोरचा कागद वाचायचा, कानात टिकटिकणाऱ्या मात्रेवर बिनचूक वाजवायचं आणि घरी यायचं. गाणं पुढे कुठल्या लग्नात नाहीतर कुठल्या रिक्षात वाजतं, पण त्यातला बेस आपला आहे हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. सवय झाली होती.

बेस माझ्याकडे आला तोही उरलासुरला म्हणून. भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत मी वाढले. वडील पॉवरहाऊसमध्ये टर्बाइनवर ऑपरेटर. गणपतीत वसाहतीतली मंडळी ऑर्केस्ट्रा बसवायची. गिटार सगळ्यांनाच हवी असायची, बेस कुणालाच नको असायचा. मी दहावीत होते, मुलगी होते आणि त्या दिवशी तालमीला उशिरा पोचले होते. बेस माझ्या गळ्यात पडला. तो उतरला नाही.

बँडची सुरुवात झाली अंधेरीच्या एका स्टुडिओत, गायिकेची वाट बघताना. ती ट्रॅफिकमध्ये अडकली होती आणि आम्ही तिघं वाद्यं लावून बसलो होतो. ड्रमर डोंबिवलीचा, बुटका, कमी बोलणारा आणि लयीला इतका पक्का की सगळे त्याला घड्याळ म्हणायचे. गिटारवाला वसईचा, केस पाठीवर सोडलेले, अंगात बारा महिने काळा टी-शर्ट. त्याचा जीव हेवी मेटलमध्ये अडकलेला आणि पोट भक्तिगीतांवर चालायचं. आठवडाभर देवीच्या गाण्यांना गोड गोड तुकडे वाजवायचे आणि घरी जाऊन भिंती हलवायच्या, असा त्याचा क्रम.

मी त्या सुमारास डब ऐकायला लागले होते. जमैका बेटावरचं हे संगीत. त्यात बेस सगळ्यांच्या पुढे असतो. बाकीची वाद्यं मध्येच येतात, मध्येच काढून घेतली जातात आणि गेलेल्या वाद्याचे पडसाद मागे घुमत राहतात. जन्मभर मागे राहून वाजवलेल्या बाईला असं संगीत आवडलं नाही तरच नवल.

त्या दुपारी गिटारवाल्यानं कंटाळून आवाजाची बटणं फिरवली आणि एक जडशीळ तुकडा वाजवायला घेतला. मी त्याखाली एक संथ ओळ धरली, मध्ये भरपूर जागा सोडून. ड्रमरनं लय निम्म्यावर आणली. पाचेक मिनिटं आम्ही एकमेकांकडे न बघता वाजवत राहिलो. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टनं मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"हे कुणाचं आहे?" त्यानं माइकवरून विचारलं.

"कुणाचंच नाही," ड्रमर म्हणाला.

मग गायिका आली, सगळ्यांची माफी मागून उभी राहिली आणि आम्ही परत प्रेमगीताकडे वळलो. पण संध्याकाळी चहाच्या टपरीवर गिटारवाला म्हणाला, "ते मघाचं पुन्हा कुठं वाजवायचं?" म्हणजे ते तिघांच्याही डोक्यात राहिलं होतं.

मुंबईत जागा मिळेना. जिथं आवाज चालायचा तिथं जायला दोन तास लागायचे, आणि जी जागा जवळ होती तिथं शेजारी चौथ्या मिनिटाला दार वाजवायचे. त्याच वर्षी माझी आई गेली आणि मी वडिलांजवळ राहायला परत आले. निवृत्तीनंतर त्यांनी भिवपुरी स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या गावात घर बांधलं होतं. ते एकटे राहू शकले असते, पण त्यांना ऐकू येत नव्हतं. सगळी नोकरी मशीनच्या शेजारी उभं राहून काढली, त्याची ही किंमत. ओठांवरून थोडं कळायचं, बाकी हातवाऱ्यांनी. मी काय वाजवते ते त्यांनी शेवटचं नीट ऐकलं होतं ते वसाहतीतल्या गणपतीत. त्यानंतर माझं काम म्हणजे, खांद्याला काळी पिशवी लावून मुलगी सकाळी जाते आणि रात्री येते, एवढंच त्यांना दिसायचं.

आईची एक मावसबहीण पळसदरीला राहते. तिच्या यजमानांची भाताची गिरण होती. ते वारले, लोक भात घेऊन कर्जतच्या मोठ्या गिरणीकडे जायला लागले आणि ही बंद पडली. पत्र्याचं छप्पर, जाड दगडी भिंती आणि आजूबाजूला नुसती शेतं. मी एक दिवस मावशीकडे गेले.

"मावशी, आम्ही गिरणीत वाजवायला येऊ का?"

"काय वाजवनार?"

"गिटार, ड्रम. मोठ्यानं वाजतं गं ते."

"किती मोठ्यानं?"

"तुमचं मशीन चालायचं तेवढं."

मावशी निवडत होती ते तांदळाचं सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मंग वाजवा की. मशीन बंद पडल्यापासनं मला दुपारची झोपच लागत नाय. पन शनवार-रईवार नको गं. धरनावर ती पोरं येतात मुंबईची, गाडीची दारं उघडून गानी लावतात. लोकांना वाटंल तुमी त्यांच्यातलेच."

म्हणून मंगळवार ठरला. मंगळवारी सेशनही कमी असायचे. जागेचं काय द्यायचं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "दार उघडं राहील ना? बंद जागेला वाळवी लागते. तेवढं केलंत तरी झालं."

पहिल्या मंगळवारी आम्ही बरोबर आणलेले अँप्लिफायर लावले आणि आमचे चेहरे पडले. स्टुडिओत भिंती हलवणारी पेटी त्या उंच गिरणीत चिमणीसारखी वाजत होती. बेस तर दाराबाहेरही पोचत नव्हता. ड्रमवर मात्र प्रत्येक ठोक्याला वरून कोंड्याची धूळ पडत होती. मावशीनं दारातून डोकावून विचारलं, "चालू झालं का?" आणि गिटारवाल्याला फार लागलं ते.

त्याच आठवड्यात मी खालापूरला गेले. तहसील कचेरीच्या अलीकडे मंडप आणि लाउडस्पीकरचं एक जुनं दुकान आहे. दुकानदाराचे आजोबा मुरुडकडून येऊन इथं स्थायिक झालेले. सगळा तालुका त्यांना भाई म्हणतो. साठीचे होते तेव्हा. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. उरूस असो, साखरपुडा असो, कबड्डीचे सामने असोत, आवाज भाईंचा. मी त्यांच्याकडे बेससाठी स्पीकरचे चार मोठे बॉक्स मागितले.

"किती माणसं?" त्यांनी विचारलं.

"माणसं नाहीत. आम्ही तिघंच."

"तिघांसाठी चार बॉक्स?" त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "मी स्वतः येतो बाय. बॉक्स कशाला लावताय ते बघितल्याशिवाय मी सोडून जायचा नाय."

ते टेंपो घेऊन आले. कपाटाएवढे चार लाकडी बॉक्स, त्यांनी स्वतः सुताराकडून करून घेतलेले. आम्ही पहिला तुकडा वाजवला तेव्हा पत्रे थरथरले आणि मावशीच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. भाई हाताची घडी घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "गाणारा नाय?"

"नाही."

"बरं झालं. गाणारे लोक माइक आपटतात."

तेव्हापासून ते दर मंगळवारी यायला लागले. आधी बॉक्सची काळजी म्हणून, मग सवयीनं. तिसऱ्या की चौथ्या वेळी त्यांनी एक जुनी पत्र्याची पेटी आणली. आत टेप फिरायची. त्यांच्या वडिलांच्या काळातलं एको मशीन. जत्रेत निवेदक "हॅलो, हॅलो" म्हणाला की ते तीनतीनदा घुमायचं, ते ह्या पेटीमुळे. आम्हाला एकमेकांशी बोलायला एक माइक लागायचा, त्याला त्यांनी ती जोडली, केवळ गंमत म्हणून. तो माइक ड्रमच्या शेजारी उभा होता. ड्रमरनं एक ठोका मारला आणि तो ठोका गिरणीभर फिरत, लहान होत होत, मागच्या भिंतीपाशी विरून गेला. आम्ही तिघंही थांबलो.

भाई घाबरले. "बंद करतो, बंद करतो."

"नको भाई," मी म्हणाले. "हात लावू नका."

त्या दिवशी गिटारवाल्यानं त्यांना मोबाइलवर डब ऐकवलं. जमैकात हे कसं सुरू झालं तेही सांगितलं. तिथं मोठाले बॉक्स ट्रकमध्ये घालून, मोकळ्या आवारात लावून लोकांना नाचवणारी मंडळी होती. त्यांच्यातल्याच कुणी कुणी यंत्रांशी खेळता खेळता हे संगीत केलं. भाई लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हणजे मंडपवालेच," ते म्हणाले.

"हो, तसंच काहीसं."

"मग त्यात काय शिकायचंय? आपलंच काम हाय ते."

आणि खरोखरच त्यांना शिकवावं लागलं नाही. त्यांच्याकडे जुना मिक्सर होता, बटणांवरची अक्षरं पुसलेला. आम्ही वाजवायचो आणि ते त्यावर आमच्यातल्या एकेकाला कमी-जास्त करायचे. एकदा गिटारवाला अगदी भरात होता, त्याचा तो पहाडासारखा तुकडा चालला होता आणि भाईंनी त्याचा आवाज पूर्ण खाली ओढला. उरले नुसते ड्रम, माझा बेस आणि गिटारच्या शेवटच्या स्वराचे पडसाद. आठ मात्रांनी त्यांनी त्याला परत वर आणलं. तुकडा संपल्यावर गिटारवाल्यानं गिटार खाली ठेवली.

"भाई, मी वाजवत होतो."

"तू वाजवतच होतास. मी फक्त ऐकवलं नाय."

"पण का?"

"परत आलास तेव्हा केवढा मोठा झालास ते ऐकलंस का?"

गिटारवाला तणतणत बाहेर गेला, शेताच्या बांधावर बसला. थोड्या वेळानं आत येऊन म्हणाला, "पुन्हा करा बघू." त्यानंतर आम्ही तिघांचे चौघं झालो. भाईंच्या हातात वाद्य नव्हतं, पण बँड त्यांच्या हातात होता.

वडील गिरणीत आले ते नाइलाजानं. सकाळी त्यांना घेरी आली होती आणि त्यांना एकटं सोडून जायला माझं मन होईना. कर्जतपर्यंत गाडीनं आणि पुढे रिक्षानं मी त्यांना घेऊन आले, मावशीच्या ओटीवर बसवलं आणि वाजवायला गेले. अर्ध्या तासानं बघते तर ते दारात उभे. मग हळूहळू आत आले. डाव्या बॉक्सपाशी गेले आणि त्यांनी त्यावर तळवा ठेवला. जरा वेळ तसेच राहिले. मग इकडेतिकडे बघून कोपऱ्यातली एक लाकडी काठी उचलली, तिचं एक टोक बॉक्सला लावलं आणि दुसरं कानामागच्या हाडाला.

मी लहानपणी त्यांना पॉवरहाऊसमध्ये असंच बघितलं होतं. मशीनचं बेअरिंग आतून कसं आहे ते बघायचं तर अशी काठी लावून ऐकत. मी वाजवत राहिले.

तुकडा संपल्यावर ते भाईंना मोठ्यानं म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तसं, "डाव्या डब्यात कायतरी ढिलं हाय. मागच्या अंगाला, खाली."

भाईंनी मान हलवली, म्हणजे कळलं पण पटलं नाही. तरी त्यांनी बॉक्स फिरवला. मागच्या फळीचे खालचे दोन स्क्रू ढिले होते. फळी थरथरत होती. इतके मंगळवार आमच्यापैकी एकालाही ते ऐकू आलं नव्हतं.

भाईंनी खिशातला टेस्टर काढून वडिलांच्या हातात दिला. वडिलांनी स्वतः स्क्रू आवळले, पुन्हा काठी लावली आणि मला वाजवायची खूण केली. मी खालची तार छेडली. त्यांनी मान डोलावली. घरी येताना रिक्षात म्हणाले, "तुझं ते खालचं असतं नं, घुम्म करतं ते? ते येतं मला. बाकी कायबी नाय येत. पन ते येतं." पुढची तीन वर्षं त्यांनी फार थोडे मंगळवार चुकवले.

दुसऱ्या वर्षी आम्ही पाच तुकडे गिरणीतच ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर टाकले. फार कुणी ऐकले नाहीत. पण लांबच्या देशातून एकानं उत्सुकतेनं विचारलं होतं, ड्रमवर ती खसखस कशी आणलीत, कुठलं यंत्र वापरलंत? ड्रमरनं दोन दिवस विचार करून त्याला उत्तर लिहिलं की तो भाताचा कोंडा आहे, छपरातून पडतो. त्या माणसानं परत काही विचारलं नाही.

त्याच तुकड्यांमुळे मुंबईतल्या एका क्लबनं बोलावलं. संध्याकाळचा कार्यक्रम. भाई इस्त्रीचा शर्ट घालून, एको मशीन मांडीवर घेऊन आमच्याबरोबर आले. तिथल्या व्यवस्थापकानं सांगितलं की मिक्सरवर त्यांचाच इंजिनिअर बसेल, बाहेरच्या कुणाला हात लावता येणार नाही. गिटारवाला वाद घालायला लागला. वेळ कमी होता, लोक येऊन बसले होते. मी भाईंना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "भाई, आजच्या दिवस राहू दे."

"चालेल," ते म्हणाले. पेटी घेऊन मागे एका खुर्चीवर जाऊन बसले.

आम्ही वाजवलं. स्वच्छ, सरळ, एकही चूक न करता. सेशनला वाजवतो तसं. लोकांनी नीट टाळ्या वाजवल्या. मला स्टेजवरून भाई दिसत होते आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

पुढच्या मंगळवारी टेंपो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गिटारवाला म्हणाला, "तू बोलायला हवं होतंस त्या मॅनेजरशी. तुझं ऐकलं असतं." ते खरं होतं. त्याच्यापेक्षा माझी तिथं जास्त ओळख होती, आणि मला ती बिघडवायची नव्हती. एरवी मी पाठीमागे राहणारी, पण त्या दिवशी मी पुढे होऊन दुसऱ्याला मागे बसवलं होतं.

मी एसटीनं खालापूरला गेले. दुकानात भाई झुंबराचे दिवे बदलत होते. त्यांनी मला घरात नेलं. भाभींनी सांदणं केली होती, नारळाच्या दुधात भिजलेली. ती पुढ्यात ठेवून त्या आत गेल्या.

"भाई, माझं चुकलं," मी म्हणाले.

"खा आधी."

"मी तुम्हाला मागे बसायला सांगायला नको होतं."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "राग नाय आला मला. खरं सांगतो. मला वाटलं, ह्यांचं आता माझ्याशिवाय होतंय. तर मग कशाला टेंपो फिरवा?"

"झालं नाही ना पण. तुम्ही ऐकलंत की."

"ऐकलं."

"मग?"

"फार वाईट वाजलं, बाय," ते म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना. मीही हसायला लागले. आतून भाभी काय झालं म्हणून बघायला आल्या. मंगळवारी टेंपो गिरणीच्या दारात उभा होता.

त्या क्लबनंतर आम्ही मुंबईत वाजवायचा नाद सोडला. मावशीच म्हणाली, "इतकी वर्सं भिंतीच्या आडून ऐकतोय आमी. एकदा खळ्यावर वाजवा. बसून ऐकू." झोडणी झाली होती, पेंढा रचून झाला होता, खळं मोकळं होतं. पौषातली दुपार होती, ऊन अंगाला बरं वाटणारं. साठ-सत्तर माणसं जमली. बायका सतरंज्यांवर, म्हातारी माणसं पेंढ्याला टेकून. वडील बॉक्सच्या शेजारी, काठी घेऊन. रस्त्याकडे आवाज जायला नको म्हणून भाईंनी बॉक्स डोंगराकडे तोंड करून लावले होते.

ड्रमरनं सुरुवातीचा एक ठोका मारला. टक्. आणि लगेच मागून एक आला. टक्. भाईंनी वाकून मशीन बघितलं. त्यांनी ते अजून चालूच केलं नव्हतं. ड्रमरनं पुन्हा ठोका दिला. पुन्हा तसंच. मग सगळ्यांच्याच लक्षात आलं की समोरचा डोंगर आवाज परत पाठवतोय. भाईंनी मशीनची वायर ओढून काढली आणि दोन्ही हात वर करून दाखवले, की आता माझं काही नाही.

ड्रमर कधी लय सोडत नसे. बाहेरच्या कशासाठी त्यानं लय बदललेली मी त्याआधी बघितली नव्हती. तो डोळे मिटून एकेक ठोका मारत, डोंगराचा परत यायला किती वेळ लागतो ते ऐकत बसला. मग त्यानं लय थोडी सैल केली, आणखी थोडी, आणि डोंगराचा ठोका बरोबर त्याच्या दोन ठोक्यांच्या मधोमध येऊन पडायला लागला. मी आत शिरले. गिटारवाला बऱ्याच वेळानं आला, आणि आला तोही कधी नव्हे इतक्या कमी स्वरांत. भाई आम्हाला वरखाली करत राहिले. एका जागी त्यांनी हाताच्या खुणेनं ड्रमरला थांबवलं, आम्हा दोघांनाही काढून घेतलं आणि काही क्षण खळ्यावर नुसता डोंगर वाजत राहिला.

किती वेळ वाजवलं ते आठवत नाही. संपल्यावर टाळ्या नाही पडल्या. मग पेंढ्याला टेकलेला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "ह्यो डोंगूर ल्हानपनापासनं ओ देतो आमाला. पन तालात नवता दिला कवा." मावशीनं सगळ्यांना चहा दिला. ड्रमर चहाचा कप हातात घेऊन खळ्याच्या कडेला एकटाच उभा होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "आयुष्यभर मी कानातल्या टिकटिकीवर वाजवलं गं."

आम्ही आणखी वर्षभर वाजवलं असेल. मग लॉकडाऊन आला. सेशन बंद, गाड्या बंद, भाईंचे सगळे मांडव बंद. दुसऱ्या लाटेनंतर, पण त्या आजारानं नव्हे, वडील झोपेत गेले. ड्रमर पुण्याला जाऊन एका शाळेत शिकवायला लागला. गिटारवाल्याला प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये नोकरी मिळाली. तिथं तो पाहुण्यांसाठी जुनी गोड गाणी वाजवतो आणि त्याची बिलकूल तक्रार नाही असं म्हणतो. मावशीच्या मुलानं गिरणीच्या चार खोल्या करून घेतल्या, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी. दगडी भिंती ठेवल्या, छप्पर नवं घातलं. मावशीला ते आवडलं. घरात माणसं येतात-जातात, ती त्यांना भाकरी करून घालते.

आमच्यात भांडण झालं नाही, कुणी बँड मोडला असं म्हणालं नाही. पुढचा मंगळवार ठरवायचा राहून गेला, एवढंच. मला सेशनची कामं अजून येतात, पूर्वीपेक्षा कमी. परवा एका जाहिरातीला वाजवलं. अरेंजर नवीन होती, तरुण. म्हणाली, "मॅडम, तुम्ही स्वरांच्या मध्ये फार थांबता." मी म्हणाले, सवय आहे. तिनं तो टेक ठेवून घेतला.

यंदा ईदच्या दुसऱ्या दिवशी भाईंकडे जेवायला गेले होते. दुकान आता त्यांची मुलगी बघते. ती कामापुरतं बोलते आणि काम चोख करते. भाई गुडघ्यांमुळे फार हिंडत नाहीत. अंगणात त्यांनी पपईची चार झाडं लावली आहेत. त्यातली तीन नर निघाली, त्यावर बराच वेळ बोलत होते. जेवताना ड्रमरची चौकशी केली, "घड्याळानं लग्न केलं का?" म्हटलं, केलं, मुलगीही आहे. ते खूश झाले. "नाव काय ठेवलं तिचं?" मला माहीत नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथं पुण्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि ताट बाजूला सारून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, पलीकडे कुणी उचलायची वाट बघत बसले.